धाराशिव जिल्ह्यातील लग्ननिमंत्रण : अक्षतेपासून छापील पत्रिकेपर्यंत

मराठवाड्यातील लग्ननिमंत्रणाचा इतिहास केवळ छपाईचा इतिहास म्हणून सांगितला, तर त्याचा निम्मा भाग निसटतो; कारण छापखाना येण्यापूर्वी कित्येक पिढ्या निमंत्रण तोंडीच दिले जात होते आणि छापखाना आल्यावरही ते हातोहात पोचवण्याचे बंधन सुटले नाही. धाराशिव जिल्ह्यात ही दोन्ही सूत्रे एकमेकांत कशी गुंतली, हे तेथील पत्रिकेच्या मजकुरावरूनही उमगते.

गावातल्या गावात निमंत्रण म्हणजे अक्षत. घरच्या सुवासिनी वाजंत्र्यांसह घरोघरी जात आणि हळदकुंकू लावलेले तांदूळ, म्हणजे अक्षता, देऊन लग्नाला येण्याचे सांगत. जेवणाचे बोलावणे त्याहून निराळे असे आणि त्याला आवतण म्हणत. परगावच्या सोयऱ्यांना निरोप धाडायचा, तर भावकीतला माणूस किंवा गावचा सेवक पायी जाई. पिकाचा ठरलेला वाटा घेऊन गावाची कामे वंशपरंपरेने करणाऱ्या या वर्गाचे, म्हणजे बलुतेदारांचे, तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात केले आहे. निरोप्याचे काम सर्वांच्या वाट्याला सारखे नव्हते: सरकारी सांगावे आणि मृत्यूची वार्ता परगावी नेणे हे महारांवर वतन म्हणून लादलेले काम होते आणि ते नाकारण्याची मुभा त्यांना नव्हती. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा वतनाच्या नावाखाली चालणारी ही राबणूकच ऐरणीवर आली होती.

लेखी निमंत्रणाचा जुना प्रकार म्हणजे लग्नचिठ्ठी. गावचा जोशी पंचांग पाहून तीत शके, मास, तिथी आणि मुहूर्ताची घटी-पळे लिही. घटिका म्हणजे 24 मिनिटांचा अवधी, आणि तो मोजण्यासाठी बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका सरली असे धरत. चिठ्ठीला कुंकू लावल्याखेरीज ती घराबाहेर पडत नसे, आणि ‘कुंकुमपत्रिका’ हे नाव याच रिवाजाने रूढ केले. अशुभ वार्तेच्या पत्राचा मात्र कोपरा फाडलेला असे. त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पत्र हातात पडताच वार्तेचा रंग कळे.

मराठी छपाईने पंचांगाला लवकर हात घातला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. धाराशिवचा मुलूख मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जेथे 1884 साली फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली आणि महसुली कागद फसली सनात लिहिले जात, तर लग्नाची मिती शालिवाहन शकातच राहिली. संस्थानाचे टपालखातेही स्वतंत्र होते. सोयरीक आणि बाजारहाट यांची ओढ मात्र इंग्रजी अमलातील बार्शी-सोलापूरकडे होती, आणि 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे येडशी, तडवळे, ढोकी या वाटेने 1911 साली लातूरला पोचल्यावर ही ओढ आणखी वाढली. लग्नाचे बोलावणे अशा रीतीने दोन राज्यांची हद्द ओलांडत असे.

छापील पत्रिका सर्वदूर पसरली तरी तिचा शिरोभाग गावाची व घराण्याची ओळख सांगत राहिला. बहुतेक हिंदू घरांत ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’ हे आलेच. त्याखेरीज कळंब तालुक्यात येरमाळ्याची येडेश्वरी, परंड्याकडे सोनारीचा भैरवनाथ, आणि अणदूर-नळदुर्ग भागात वर्षातील काही काळ एका व उरलेला काळ दुसऱ्या गावी मुक्काम करणारा खंडोबा. लिंगायतांच्या पत्रिकेवर महात्मा बसवेश्वर, मुस्लिमांच्या पत्रिकेवर 786 हा अंक, आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या पत्रिकेवर गणपतीच्या जागी बुद्ध व बाबासाहेब आले. पहिली पत्रिका तुळजापूरला देवीपुढे ठेवण्याची प्रथाही तोंडी निमंत्रणाच्याच परंपरेतली आहे: लग्नानंतरच्या गोंधळात गोंधळी संबळाच्या ठेक्यावर निरनिराळ्या गावच्या दैवतांना नावानिशी पाचारण करतो, तेव्हा तोही एक निमंत्रणविधीच असतो.

पत्रिकेचा तळभाग सामाजिक इतिहासासाठी अधिक बोलका आहे. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक आणि ‘समस्त परिवार’ अशा रकान्यांतून भावकीचा आणि मामाकडच्या मंडळींचा मान सांभाळला जातो, आणि कोणाचे नाव वगळले गेले यावरून रुसवेफुगवे होतात. ‘नजरचुकीने निमंत्रण राहून गेल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही ठरलेली ओळ तर या सबंध व्यवहाराचा कायदाच सांगते: पत्रिका घरी जाऊनच द्यायची असते, आणि ज्या घरी जाणे झाले नाही तेथे चूक घरधन्याची ठरते.

करोनाकाळात ही चौकट प्रथमच मोठ्या प्रमाणावर सैल झाली. राज्यात 2020 मध्ये लग्नाला 50 जणांची, तर एप्रिल 2021 मध्ये 25 जणांची आणि दोन तासांची मर्यादा आली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका नाइलाजाने मान्य झाली आणि पुढे ती मागे राहिली नाही. छापील पत्रिका तरीही संपलेली नाही, आणि त्याचे एक कारण सरकारी आहे: राज्याच्या 1998 च्या कायद्याखाली होणाऱ्या विवाहनोंदणीच्या अर्जाला ती पुरावा म्हणून जोडतात. दुसरे कारण जुनेच आहे, कारण मोबाइलवर पत्रिका पोचल्यानंतरही जवळच्या सोयऱ्यांच्या घरी अक्षता व पत्रिका घेऊन जावेच लागते, आणि तसे न केल्यास बोलावणे पोचले असे गावात कोणी धरत नाही.