सारा आणि हागार : एका घरातील वारसाहक्काचा झगडा

सारा आणि हागार ह्यांची हकीगत बहुधा सवतीमत्सराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. एका घरात दोन बायका आल्या की भांडणारच, असे म्हणून ऐकणारा मोकळा होतो. मला हा निकाल मान्य नाही. भांडण खरे होते. पण ते कशावरून होते, हे पाहिले पाहिजे.

बायबलातील ‘उत्पत्ती’ ह्या पहिल्या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात ती येते. अब्राहामाला कनान देशात येऊन दहा वर्षे झाली, साराला मूल नाही. तेव्हा ती आपली मिसरी दासी हागार नवऱ्याच्या हवाली करते. दासीला होईल ते मूल आपले म्हणता यावे, हा हेतू. हागारला कोणी विचारले नाही. (दुष्काळात मिसरात गेले असता अब्राहामाने साराला बहीण म्हणवून फारोच्या वाड्यात जाऊ दिले होते, आणि तिच्यापायी त्याला मेंढरे, उंट, दासदासी मिळाल्या होत्या. दुसऱ्याच्या हवाली होणे म्हणजे काय, हे साराला पुरते ठाऊक होते.)

ही माणसे खरोखर होऊन गेली, असा उत्खननातला पुरावा नाही. रीत मात्र काल्पनिक नव्हे. इराकमध्ये किर्कूकजवळ नुझी येथे १९२५ ते १९३१ ह्या काळात मातीच्या हजारो लेखपट्ट्या निघाल्या. त्यांतील एका सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या करारात अट आहे : केलिम-निनू ह्या वधूला मूल झाले तर नवऱ्याने दुसरी बायको करू नये, न झाले तर तिनेच एक परदेशी स्त्री त्याला आणून द्यावी. हम्मुराबीचा कायदा त्याहून जुना. १९०१-०२ साली सुसा येथे सापडलेली त्याची शिला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याचे १४६ वे कलम सांगते की, एका विशिष्ट वर्गातील पुजारिणीने नवऱ्याला दासी दिली आणि मुले झाल्यावर ती दासी मालकिणीची बरोबरी करू लागली, तर मालकिणीने तिला विकू नये. दासपणाची खूण करून पुन्हा दासींत गणावे. म्हणजे मुलामुळे विक्री टळे, पायरी बदलत नसे.

हागारची चूक म्हणाल तर हीच की, पायरी बदलली असे तिला वाटले. साराने तिला इतके गांजले की ती रानात पळाली आणि पुढे परत आली. ह्या गांजण्यासाठी जे हिब्रू क्रियापद येते, तेच पुढे मिसरी लोकांनी इस्राएलांना गांजले तेथे येते. आपल्याच मूळमातेविषयी असे लिहिणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

मग अब्राहाम शंभर वर्षांचा असता साराला इसहाक झाला, आणि प्रश्न उघडा पडला. दासीला व तिच्या मुलाला घालवून द्या, ही साराची मागणी. आणि कारणही तिने स्वच्छ सांगितले : वारसा. तिला नुसता दोष देऊन भागत नाही. नवऱ्यामागे तिची पत मुलावरच टिकणार होती. लिपित-इश्तारच्या सुमेरी कायद्यात असे आहे की, मालकाने दासीला व तिच्या मुलांना मुक्त केले तर त्या मुलांना इस्टेटीत वाटा नाही. मुक्तता मिळाली, हक्क गेला! ‘राजीखुशीने काम सोडले’ अशा कागदावर कामगाराचा अंगठा उमटताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्या मुक्ततेचा अर्थ सांगायला नको. अब्राहामाजवळ गुरे, चांदी, सोने विपुल होते, असे तोच ग्रंथ म्हणतो. हागारच्या खांद्यावर त्याने भाकर आणि पाण्याची एक मसक दिली. बैरशेब्याच्या रानात ते पाणी संपले.

मुलगा वाचला. हागारने त्याला बायको पाहिली ती मिसरातली, आपल्या मुलखातली. अब्राहाम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल ह्या दोघांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत पुरले. मालमत्ता सगळी इसहाकाला गेली होती. त्याच अध्यायात इश्माएलाची वंशावळ आहे. तिच्यात त्याच्या आईची ओळख दिली आहे ती ‘साराची दासी, मिसरी हागार’ अशी.