लोखंडाची जात

बिदर आणि गुलबर्गा या सीमेवरच्या जिल्ह्यांत ज्वारीची भाकरी ज्या तव्यावर भाजली जाते, तो तवा दोन प्रकारचा असतो. एक लोहाराने ठोकून केलेला, पातळ. दुसरा ओतशाळेतून आलेला, जाड, बिडाचा. ठोकलेला तवा हातातून निसटून फरशीवर आपटला तर त्याची कड वाकते, आणि लोहार चार ठोके मारून ती पुन्हा सरळ करतो. बिडाचा तवा आपटला तर बहुधा त्याचे दोन तुकडे होतात, आणि मग त्यावर उपाय उरत नाही. दोन्ही तवे काळे, दोन्ही जड, दोन्ही लोखंडाचेच. मग एक वाकतो आणि दुसरा फुटतो, असे का? स्वयंपाकघरातल्या या साध्या प्रश्नाचे उत्तर या भागातील किल्ल्यांच्या बुरुजांवर गेली कित्येक शतके पडून आहे. आणि तेच उत्तर आजच्या कारखान्यातील टेबलावर बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यातही आहे.

व्हाइस हे यंत्रशाळेतील सर्वांत गरीब हत्यार. त्याला ना वीज लागते, ना तेल फारसे लागते. एक जबडा स्थिर, दुसरा सरकता. मध्ये एक आट्यांचा स्क्रू आणि तो फिरवायला दांडी. पण या गरीब हत्याराच्या अंगी बळ किती असते, याचा हिशेब केला तर आश्चर्य वाटते. दांडीवर माणसाने पंचवीस किलोंचा जोर लावला, हात मध्यापासून एक फुटावर असला, आणि स्क्रू एका फेऱ्यात पाव इंच पुढे सरकत असला, तर घर्षणात बराच मोठा भाग वाया जाऊनही जबड्यांमधील दाब एक टनाच्या घरात जातो. हा दाब धरलेल्या वस्तूला जितका दाबतो, तितकाच जबड्याला मागे ढकलतो. जबड्याची वस्तूकडील बाजू तळाशी ताणली जाते. म्हणून व्हाइस मोडतो तेव्हा तो बहुधा या तळाशीच मोडतो. दांडीत लांब पाइप घालून जोर वाढवणारा, किंवा व्हाइसच्या अंगावरच हातोडा चालवणारा उमेदवार या ताणात भर घालीत असतो. तो ताण सोसेल की नाही, हे ठरते लोखंडाच्या जातीवरून.

लोखंडाची जात मुख्यतः त्यातील कार्बनावरून, म्हणजे कोळशाच्या अंशावरून ठरते. घडीव लोखंडात हा अंश शेकडा ०.१ हूनही कमी असतो. पोलादात तो त्याहून अधिक, पण शेकडा दोनच्या आत. बिडात मात्र तो शेकडा दोन ते चारपर्यंत जातो. हा वाढलेला कार्बन सर्वच्या सर्व लोखंडात मुरून राहत नाही. बीड थंड होताना त्यातील बराच भाग पेन्सिलीतील शिशासारख्या ग्राफाइटच्या रूपाने वेगळा होतो, आणि लोखंडाच्या पोटात बारीक पापुद्र्यांसारखा पसरतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक आयती चीर. दाबले असता या चिरा मिटतात, म्हणून बीड दाबाला खंबीर असते. ताणले असता त्या उघडतात, आणि एकीतून दुसरीत जात फूट आरपार धावते. घडीव लोखंडाची गोष्ट उलटी. त्यात भट्टीतील मळीचे धागे राहिलेले असतात. घणाच्या ठोक्यांनी ते लांबत जाऊन बांबूच्या रेषांसारखे एका दिशेने बसतात. असे लोखंड मोडण्यापूर्वी वाकते, ताणले जाते, म्हणजे माणसाला इशारा देते. बीड सहसा इशारा देत नाही.

हा इशारा मिळणे किती मोलाचे असते, हे तोफेमागे उभ्या असलेल्या गोलंदाजाला सर्वांत चांगले ठाऊक होते. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात मरण पावला तो शत्रूच्या गोळ्याने नव्हे. आपल्याच बाजूची तोफ फुटल्यामुळे. दारूचा स्फोट तोफेच्या नळीला आतून चोहोबाजूंनी फाडू पाहतो. म्हणजे जो ताण व्हाइसच्या जबड्यात थोडा, तोच तोफेच्या अंगात भयंकर.

आता या प्रदेशाकडे वळू. १३४७ मध्ये अल्लाउद्दीन हसन बहामनशहाने गुलबर्ग्यास आपली राजधानी केली. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बिदरास नेली. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बेळगावच्या वेढ्यात तटाखाली दारूचे सुरुंग लावले, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. राज्य फुटून विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर आणि वऱ्हाड अशा पाच शाह्या झाल्या, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या आपसांतील चढाओढीत तोफा मोठमोठ्या होत गेल्या. किल्ल्यांचे बुरुज उंच, रुंद झाले; वर तोफ फिरवता यावी म्हणून मध्यभागी खुंटाची सोय झाली. बिदरच्या किल्ल्यातील बुरुजांवर बरीदशाहीच्या काळातील लेख असलेल्या तोफा आजही पाहावयास मिळतात. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील ‘बारा गझी तोफ’ तर सुमारे २९ फूट लांब आहे. ती पंचधातूची आहे असे सांगितले जाते; परंतु दख्खनच्या या लांब तोफांचे घराणे मुख्यतः घडीव लोखंडाचे आहे.

इतकी लांब तोफ ठोकून कशी बनवीत? त्या काळी येथील मातीच्या भट्टीत, कोळसा आणि भाता यांच्या बळावर, लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंड वितळण्यास १५०० अंशांहून अधिक उष्णता हवी. ती येथे मिळत नव्हती. भट्टीतून निघे तो स्पंजासारखा, मळीने भरलेला काही किलोंचा गोळा. तो तापवून घणाखाली घातला की मळी पिळून निघे आणि लोखंड हाती येई. अशा शेकडो-हजारो गोळ्यांतून पट्ट्या आणि कडी तयार होत. लांब पट्ट्या शेजारी शेजारी मांडून नळी बनवायची; त्यांवर तापवून लाल केलेली कडी एकापुढे एक चढवायची; आणि ती ठोकून एकजीव करायची. कडे थंड होऊ लागले की आकसते आणि आतील पट्ट्यांना गच्च आवळते.

ही युक्ती ज्याने बैलगाडीचे चाक तयार होताना पाहिले आहे, त्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवितात ती अशीच तापवून. ती थंड झाली की लाकडी पाटे, आरे आणि तुंबा यांना एका मुठीत धरते. फरक एवढाच, की चाकाची धाव एक, आणि तोफेची कडी अनेक, थरावर थर. स्फोटाचा ताण येण्यापूर्वीच नळी बाहेरून आवळलेली असते. त्यामुळे स्फोटाच्या बळाचा काही भाग ती आवळण सैल करण्यातच खर्च होतो. शिवाय एका कड्यात चीर पडली तरी ती त्या कड्यापाशी थांबते. शेजारच्या कड्यात उडी घेत नाही. एडिंबरोच्या किल्ल्यातील ‘मॉन्स मेग’ ही पंधराव्या शतकातील तोफ याच रचनेची. सतराव्या शतकाच्या अखेरीस सलामी देताना तिची कडी फुटली. परंतु तोफेच्या ठिकऱ्या झाल्या नाहीत, आणि ती आजही उभी आहे.

दख्खनमध्ये दुसराही मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे काशाच्या ओतीव तोफेचा. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ मध्ये अहमदनगरास महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये तेथून विजापुरास आली. कासे चिवट असते, वितळते आणि साच्यात नीट भरते. पण तांबे आणि कथील महाग. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ही तोफ निरुपयोगी माल म्हणून लिलावात काढली, तेव्हा बोली आली अवघ्या दीडशे रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली. तांब्या-कथिलाच्या एवढ्या ढिगाची किंमत दीडशे रुपये ठरते, तेथे गंजलेल्या लोखंडी तोफेची काय कथा!

युरोपने तिसरा मार्ग धरला. तेथे मोठ्या झोतभट्ट्यांत बीड वितळू लागले होते. १५४३ मध्ये इंग्लंडातील बक्स्टेड गावी बिडाची एकसंध तोफ ओतली गेली, आणि पुढे बिडाच्या तोफांनी जहाजे भरली. त्या काशाहून कितीतरी स्वस्त होत्या. परंतु बिडाचा स्वभाव ओळखून त्यांची भिंत जाड ठेवावी लागे. तरीही त्या फुटत, आणि फुटत तेव्हा आसपासच्या माणसांसह फुटत.

येथे कोणी म्हणेल, मग घडीव लोखंड श्रेष्ठ आणि बीड कनिष्ठ, इतकेच ना? इतिहास इतका सरळ नाही. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेत पोटोमॅक नदीवर ‘प्रिन्स्टन’ या नव्या युद्धनौकेवर ‘पीसमेकर’ नावाची प्रचंड तोफ उडविण्यात आली. ती घडीव लोखंडाचीच होती. ती फुटली आणि परराष्ट्रमंत्री अपशर व नौदलमंत्री गिल्मर यांच्यासह सहा जण ठार झाले. त्याच नौकेवर ‘ओरेगॉन’ नावाची दुसरी तोफ होती. तिला पूर्वी चीर पडली असता तिच्यावर लोखंडी कडी चढवून ती बळकट करण्यात आली होती. ती टिकली. लोखंडाची जात एक. घडण मात्र निराळी. जाड लोखंडी गोळा पुनःपुन्हा तापविला, पण घणाचा ठोका त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचला नाही, तर सांधे कच्चे राहतात आणि लोखंडाचा कणही बिघडतो. पातळ पट्टी आणि लहान कडे यांत मात्र ठोका आरपार जातो. पुढे १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या आर्मस्ट्राँगने घडीव लोखंडाच्या कड्या एकावर एक आवळून नवी तोफ बनविली, तेव्हा आधुनिक यंत्रविद्या त्याच तत्त्वापाशी येऊन पोहोचली होती, जे बिदर-गुलबर्ग्याच्या लोहारांनी हाताच्या घणाने राबविले होते. तोफांवर राजांची नावे कोरली गेली; त्या लोहारांची नाहीत.

बिडालाही आपला न्याय मिळाला पाहिजे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचविला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शंका शेतकरी घेत. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगराचे वेडेवाकडे, वळणदार भाग एकेक करून ठोकून काढायचे म्हटले असते तर तो गरीब शेतकऱ्याच्या हाती कधीच लागला नसता. साच्यात ओतता येणारे बीड होते, म्हणून नांगर स्वस्त झाला. व्हाइसचीही गोष्ट तीच. जुन्या लोहाराचा पाय असलेला व्हाइस घडीव, ठोके खाणारा. एकोणिसाव्या शतकात बिडाचा समांतर जबड्यांचा व्हाइस आला, आणि नेमके धरण्याचे, कानशीने घासण्याचे काम सोपे व स्वस्त झाले. बीड कंप शोषून घेते. कानस चालविताना ते हाताला जाणवते. जे काम दाबाचे, तेथे बीड उत्तम. जेथे ताण आणि आघात, तेथे त्याच्यावर भार टाकणे हा त्याचा नव्हे, आपला दोष.

या दोन स्वभावांचा मेळ घालण्याची खटपट जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७२२ मध्ये बीड दीर्घकाळ तापवून चिवट करण्याची रीत प्रसिद्ध केली. खरे यश आले ते १९४३ मध्ये. अमेरिकेत कीथ मिलिस याने वितळलेल्या बिडात किंचित मॅग्नेशियम मिसळले, तेव्हा ग्राफाइटचे पापुद्रे न होता वाटोळे गोळे झाले. चीर गोळ्यापाशी बोथट होते. पुढे धावत नाही. कार्बन तितकाच, केवळ त्याचा आकार बदलला, आणि फुटणारे लोखंड वाकू लागले. आपल्या बाजारात याच बिडाला ‘एस. जी. आयर्न’ म्हणतात. साधे बीड शेकडा एक भागही न ताणता फुटते. हे मात्र प्रकाराप्रमाणे शेकडा दहा-पंधरापर्यंतही ताणले जाते.

व्हाइस विकत घेताना रंगाखाली काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. वजनही फसवते, कारण कमकुवत लोखंडच जाड घालावे लागते. जाणता कारागीर हातोडीने हलकेच ठोकून नाद ऐकतो: साधे बीड ठस्स वाजते, पोलाद खणखणते. गिरमिटाने भोक पाडले तर साध्या बिडाचा भुगा पडतो, पोलादाची वेटोळी निघतात. आणि काहीच परीक्षा करता आली नाही, तर दांडीत पाइप घालू नये आणि ठोकाठोकी ऐरणीवर करावी, हा नियम कोणत्याही लोखंडाला लागू पडतो.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखात आले, बिदर, भालकी, औराद म्हैसुरात गेले, काही भाग आंध्रात गेला. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले. राज्ये बदलली, सीमा बदलल्या, नावे बदलली. बुरुजांवरील तोफा मात्र आपल्या जागी आहेत. त्यांना भंगार समजून त्यांच्यावर पोरांनी नावे कोरावीत, चोरांनी कडी उचकटावीत, हे या भागाला शोभणारे नाही. शाळेतील मुलांना त्या तोफांपाशी नेऊन एक कडे बोटाने दाखविले, आणि शेजारच्या वाटेने जाणाऱ्या बैलगाडीची धाव दाखविली, तर धातुशास्त्राचा एक संपूर्ण धडा तेथेच शिकवून होईल. मोडण्यापूर्वी जे वाकते त्यावर माणसाने विसंबावे, आणि जे न वाकता फुटते त्याच्यावर पेलेल तेवढाच भार टाकावा, एवढे त्या धड्याचे सार आहे.