लाशीनच्या धक्क्यावरील सिद्धता

अठराव्या शतकाच्या अखेरीस माँट्रिअलचे फर-व्यापारी सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रँड पोर्टेज ठाण्याकडे दरसाल मे महिन्यात नावांचे जे तांडे रवाना करीत, त्यांच्या प्रवासाचा आरंभ शहरानजीकच्या लाशीन गावच्या धक्क्यावर नव्हे, तर बहुधा हिवाळ्यातच नोटरीच्या कचेरीत होई. कारण तेथेच अक्षरशत्रू वल्हेकरी, वेतन, मुदत आणि कांबळे-सदऱ्याचा तपशील लिहिलेल्या करारनाम्यावर फुलीची निशाणी करून आगाऊ रक्कम पदरात पाडून घेत असे.

नाव बर्चच्या सालीची, सुमारे ३६ फूट लांब. स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली आणि सांध्यांवर त्याच झाडाचा डिंक लिंपलेली. जवळजवळ तीन टन भार वाहणारे हे वाहन एका अणकुचीदार खडकानेही फाटे, म्हणून सालीची गुंडाळी, मुळांची जुडी व डिंक एवढा सरंजाम बरोबर असल्यावाचून तांडा हलत नसे.

माल सुमारे ९० पौंडांच्या गठ्ठ्यांत बांधीत. धबधबा आडवा आला की कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधारे असे दोन गठ्ठे एकदम पाठीवर घेऊन डोंगरवाट तुडवावयाची, हा रिवाज. भरतीच्या वेळी ठेंगण्या माणसांना पसंती मिळे ती मात्र, लांब पायांना नावेत जागा कोठली, या रोकड्या हिशेबाने! शिधा म्हणजे सोललेला मका आणि चरबी; उत्तरेत हिवाळा काढणारे जुने गडी यावरूनच या मंडळींना कुचेष्टेने ‘चरबीखाऊ’ म्हणत.

माँट्रिअल बेटाच्या पश्चिम टोकाशी असलेल्या संत ॲनच्या देवळात दानपेटीत नाणे टाकून झाले, की रमचे वाटप होई.