प्रतिस्पर्धी असता आणि नसता

संगणकाच्या पडद्यावर खेळांतील चित्रे वेगाने उमटविण्याचे काम ज्या भागाकडे असते, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. या धंद्यात प्रारंभी अनेक कारखानदार होते. १९९६ साली ‘वूडू’ कार्डाने गाजलेल्या थ्रीडीएफएक्सची मालमत्ता २००० च्या अखेरीस एनव्हिडिया या प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेण्याचे ठरविले. २००६ मध्ये कॅनडातील एटीआय कंपनी एएमडीच्या हाती गेली. मोठ्या कार्डांच्या बाजारात आता दोनच दुकाने उरली.

दोघांतली चढाओढ गिऱ्हाइकाच्या किती उपयोगी पडते, हे २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दिसले. जूनच्या मध्यास एनव्हिडियाने दोन नवी कार्डे आणली; ‘जीटीएक्स २८०’ ची किंमत ६४९ डॉलर व ‘२६०’ ची ३९९. महिना संपण्यापूर्वीच एएमडीचे ‘रेडिऑन एचडी ४८७०’ आले. ते ‘२६०’ च्या तोडीचे होते, आणि किंमत केवळ २९९! जुलैत एनव्हिडियाला ‘२८०’ ४९९ वर व ‘२६०’ २९९ वर आणावे लागले. पहिल्या दिवशी धावत गेलेल्या हौशी मंडळींना हळहळ वाटली असल्यास नवल नाही.

वस्तुतः त्या काही आठवड्यांत कार्ड तयार करण्याचा खर्च उतरला नव्हता. एनव्हिडियाची चकती ५७६ चौरस मिलिमीटरची, तर एएमडीची अवघी २५६ ची. दोन्ही तैवानच्या एकाच कारखान्यात तयार होत. लहान चकती स्वस्त पडते. म्हणून एएमडीला दर उतरविणे परवडले. एनव्हिडियाने मात्र नफ्यास कात्री लावून ते केले.

प्रतिस्पर्धी मागे पडला की काय होते? २०१७ साली एनव्हिडियाचे वरच्या दर्जाचे ‘१०८० टीआय’ ६९९ डॉलरांस मिळे. २०१८ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ‘२०८० टीआय’ ची किंमत ९९९ पासून पुढे ठेवली गेली. त्याच्या तोडीचे कार्ड एएमडीपाशी नव्हते. उलट मधल्या दर्जात, २०१९ च्या जुलैत, एएमडीने ४४९ डॉलर जाहीर केलेले कार्ड विक्रीस येण्याआधीच ३९९ वर उतरविले, कारण एनव्हिडियाने नवी कार्डे पुढे केली होती.

तथापि माल पुरेसा नसेल, तर दोन दुकानदारही गिऱ्हाइकास तारीत नाहीत. २०२० च्या अखेरीस ‘आरटीएक्स ३०८०’ ६९९ ला व एएमडीचे ‘६८०० एक्सटी’ ६४९ ला जाहीर झाले; कागदावर चढाओढ उत्तम होती. परंतु चकत्यांचा तुटवडा होता आणि इथेरियम हे आभासी चलन मिळविणारे कार्डे ढिगांनी उचलीत होते. २०२१ मध्ये खुल्या बाजारात दोन्हींचे दर जाहीर किमतीच्या कितीतरी वर गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली, आणि वापरलेली कार्डे विक्रीस निघाली.