पटावरची चौथाई

सुट्टीत नातवंडे जमली की आमच्या घरी स्क्रॅबलचा पट मांडला जातो. पंधरा आडव्या व पंधरा उभ्या घरांचा हा खेळ जन्मला अमेरिकेत. १९३० नंतरच्या मंदीत नोकरी गमावलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजली आणि कोणते अक्षर किती वेळा येते यावरून सोंगट्यांची संख्या व गुण ठरविले. आजचे नाव त्यास १९४८ साली जेम्स ब्रूनो यांनी दिले.

या खेळातले निष्णात खेळाडू असंख्य अपरिचित शब्द पाठ करतात. अर्थाशी त्यांना फारसे कर्तव्य नसते. आम्हांस मात्र अर्थाचीच खोड. कॉलिन्सच्या शब्दयादीत आमच्या घरचीच माणसे भेटली, तेव्हा आम्ही चकित झालो. ‘पेशवा’ तेथे चौदा गुणांचा आहे. ‘पिंडारी’ इंग्रजीत नेमका सात अक्षरांचा. सातही सोंगट्या एका खेळीत लागल्या तर वर पन्नास गुण. इंग्रजांचे ‘मंगूस’ म्हणजे तर आपले परसातले मुंगूस!

या मेळ्यात एक पाच अक्षरी, दहा गुणांचा शब्द आहे : ‘चौट’. ही आपली चौथ, म्हणजेच चौथाई. नातवाने कोश उघडून अर्थ वाचला : मराठ्यांनी उकळलेला महसुलाचा चौथा हिस्सा, खंडणी, ब्लॅकमेल. मग त्याने सरळ विचारले, “आजोबा, आपण असे होतो?”

उत्तर देणे भागच होते. चौथाई ही मराठ्यांनी शोधलेली वस्तू नव्हे. दमणच्या पोर्तुगीजांकडून शेजारचा रामनगरचा कोळी राजा ती आधीपासून घेत असे. १६७२ साली रामनगर जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी त्या हक्कावर दावा सांगितला. पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले, ते दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या बादशाही सनदा घेऊन. बदल्यात पंधरा हजार घोडदळ बादशाही सेवेस ठेवण्याची अट होती. चौथाईतील पाव हिस्सा ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचा, आणि उरलेल्यातील बराचसा ‘मोकासा’ म्हणून सरदारांस फौजेच्या खर्चासाठी. म्हणजे त्यामागे सनद होती, हिशेब होता, दप्तर होते. त्या दप्तरांबरोबर आणि फौजांबरोबरच आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडे आले व तेथलेच झाले.

परंतु एवढे सांगून थांबलो असतो तर ते अर्धसत्य ठरले असते. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई मान्य केली. पण मधल्या वर्षांत तिथल्या रयतेने जे भोगले, ते बंगाली आया अंगाईतून गात आल्या. आपला ‘बारगीर’ तेथे ‘बर्गी’ होऊन लेकरांस भिववितो. त्या रयतेच्या दृष्टीने कोशातला अर्थ खोटा नाही.

गंमत अशी की ‘ब्लॅकमेल’ हा शब्दही मुळात एका सरहद्दीचाच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील लुटारू टोळ्यांना उपद्रव टळावा म्हणून गावकरी जो कर देत, त्याचे हे नाव. इंग्रज कोशकारांनी आपली चौथाई स्वतःच्या घरच्या मापाने मोजली. त्या मापात लूट बसली; सनद व हिशेब मात्र बाहेर राहिले.

आम्ही नातवास म्हणालो, “बाळ, शब्द दहा गुणांचा आहे, खुशाल लाव. मात्र कोशात दिला आहे तो त्याचा एक अर्थ. दुसरा आपल्या दप्तरांत आहे आणि तिसरा बंगालच्या अंगाईत. तिन्ही ठाऊक असतील तरच तो शब्द तुझा.”

त्याने सोंगट्या लावल्या. डाव तोच जिंकला. रात्री निजण्यापूर्वी मात्र त्याने विचारले, “आजोबा, ती अंगाई कशी आहे?” वाचकहो, आम्हांस वाटते, खरा डाव तेथे सुरू झाला.