मॅट्रिकपासून दहावीपर्यंत : शाळेच्या यशाचे माप

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम शिष्यवृत्तीच्या जुन्या वह्या काढून बसलो. काही वह्यांची पाने पिवळी पडली आहेत. काहींच्या शिवणी सुटल्या आहेत. प्रत्येक पानावर रकाने मात्र तेच : विद्यार्थ्याचे नाव, गाव, इयत्ता, मिळालेले गुण, दिलेली रक्कम, पालकाची सही. पन्नास वर्षांत अक्षर बदलले, रक्कम वाढली, गुणांच्या जागी टक्केवारी आली. रकाने वाढले नाहीत. शिष्यवृत्ती घेऊन गेलेला मुलगा किंवा मुलगी पुढे काय शिकली, कोणत्या कामाला लागली, याची नोंद एकाही पानावर नाही. हा दोष कोणा एका चिटणीसाचा नव्हे. गुणांपाशी येऊन थांबण्याची ही सवय आपल्या समाजाला दीडशे वर्षांपूर्वी लागली, आणि ती कशी लागली हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी व त्यानंतरही बराच काळ मुलाच्या शिक्षणाची परीक्षा पेढीवर होत असे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ झाली, मोडी अक्षर वळले, की मुलगा गादीवर मुनिमाच्या शेजारी बसे. रोजमेळ लिहिता आला, खतावणी जुळली, हुंडीवरील मजकूर बिनचूक वाचता आला, म्हणजे तो ‘शिकला’. या शिक्षणाच्या मर्यादा उघड होत्या. ते मुख्यतः मुलांपुरते होते, ठरावीक घरांपुरते होते, आणि हिशेबापलीकडचे जग त्यात नव्हते. परंतु शिकणे आणि पोट भरणे यांच्यामध्ये तेथे भिंत नव्हती.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने ही व्यवस्था बदलली. खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि विद्यापीठे स्थापण्याचे ठरले. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले व १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. सव्वाशेहून अधिक उमेदवार बसले. त्यांतील विसाच्या आसपासच उत्तीर्ण झाले. त्या मोजक्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर म्हणून रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही चार नावे नोंदली गेली.

या परीक्षेचे नावच तिचा हेतू सांगते. ‘मॅट्रिक्युलेशन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ नोंदवही असा आहे. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव घालण्यास हा मुलगा योग्य आहे काय, एवढेच पाहण्यासाठी ती होती. शाळेने मुलाला काय दिले, हे तपासण्यासाठी ती योजलेलीच नव्हती. परंतु सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपालखाते यांना कारकून हवे होते आणि उमेदवार निवडण्याचे दुसरे सोपे साधन हाताशी नव्हते. तेव्हा कॉलेजच्या दारावरची ही चाळणी हळूहळू नोकरीचीही चाळणी झाली, आणि अखेर हायस्कुलाचे मोल ठरविण्याचे मापही तीच झाली. ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द माणसाच्या नावापुढे लावण्याची रीत याच काळातली. जी परीक्षा दिली नाही किंवा जी साधली नाही, तिच्या नावाने माणूस ओळखला जावा, असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

त्याच सुमारास दुसरी एक प्रथा आली. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरू लागले होते. मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात खाजगी शाळांना निकालावर आधारित अनुदान देण्याचे नियम लागू झाले. इन्स्पेक्टर येई, वाचन, लेखन, गणित यांत एकेका मुलाची परीक्षा घेई, आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने पैसे मंजूर होत. सरकारचा पैसा वाया जाऊ नये, हा त्यामागील विचार गैर नव्हता. परिणाम मात्र व्हायचा तोच झाला. इन्स्पेक्टर जे विचारील तेवढेच शिकविले जाऊ लागले, पाठांतर वाढले, पास होण्याच्या बेतात असलेल्या मुलाकडे लक्ष गेले आणि ज्याची आशा नाही तो मागच्या बाकावर विसरला गेला. शाळेच्या यशाला पैशाची किंमत चिकटली ती तेव्हापासून. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने आपल्या शैक्षणिक ठरावात परीक्षांचा अतिरेक आणि निकालावर अनुदान या दोहोंविरुद्ध स्पष्ट मत नोंदविले. नियम सुटले, सवय सुटली नाही.

मधल्या काळात १८८२ चे हंटर कमिशन येऊन गेले. महात्मा फुले यांनी त्याच्यापुढे सादर केलेले निवेदन प्रसिद्ध आहे. सामान्य रयतेच्या करातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील मुलाला उपयोगी पडेल असे शिक्षण मिळत नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कमिशनने एक चांगली शिफारस केली : हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी व दुसरी व्यापार-उदीम व व्यवहारोपयोगी कामांकडे नेणारी. दुसरी वाट कागदावर आखली गेली, परंतु तिच्यावर पावले पडली नाहीत. पालकांना ठाऊक होते की मान पहिल्या वाटेला आहे.

आपल्या समाजाने या नव्या शिक्षणाला कसा प्रतिसाद दिला, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. एक गोष्ट मात्र येथे नमूद केली पाहिजे. व्यापारी घरांतील मुलाला मॅट्रिक न झाल्यास पेढी होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातील शेती करणाऱ्या जैन कुटुंबांतील मुलाला असा आडोसा नव्हता. त्याच्यासाठी हायस्कूल हेच एक दार होते आणि ते हायस्कूल गावापासून दूर शहरात होते. म्हणून शाळेच्या आधी वसतिगृहाची गरज भासली. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांनी हे नेमके ओळखले. १९०० साली मुंबईत वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू झाले, आणि त्यांच्या प्रेरणेने व साहाय्याने इतरही अनेक शहरांत बोर्डिंगे उभी राहिली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही हेच कार्य आपले मानले. मुंबईत १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. शेठजींच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे विधवा भगिनींना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे व्रत घेतले. या आश्रमात शिक्षण आणि उपजीविका हे दोन प्रश्न वेगळे काढणे शक्यच नव्हते, आणि माझ्या मते म्हणूनच ते काम त्या काळातील पुष्कळ हायस्कुलांपेक्षा पुढचे होते.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बोर्डिंगचे व्यवस्थापन तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. लठ्ठे म्हणजे एम.ए. झालेले, पुढे १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झालेले विद्वान. परीक्षेच्या मापाने पाहता आपल्या समाजाचे भूषण. भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. मॅट्रिकच्या उंबरठ्यावरून परतलेला हा तरुण पुढे शिकवण्या करी, कंदील आणि नांगर विकीत गावोगाव फिरे.

या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. येथील मुले शेतात राबत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत आणि शिकत. १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज या सर्वांमागे ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र होते. या शाळांचे निकाल चांगले लागत की वाईट, असा प्रश्न कर्मवीरांना विचारणारे असतीलच. परंतु त्यांचा हिशेब वेगळा होता : ज्या घरात अक्षर नव्हते त्या घरातला मुलगा कोठवर गेला? प्रारंभबिंदू न पाहता अंतर मोजता येत नाही, ही साधी गोष्ट परीक्षा मंडळांच्या तक्त्यांत आजही नीट बसलेली नाही.

सोलापूरचे वालचंद हिराचंद (जन्म १८८२) यांचेही उदाहरण येथे आठवते. कॉलेजात गेले, पदवी न घेता बाहेर पडले, आणि जहाजे, विमाने, मोटारी यांचे कारखाने काढले. १९४७ साली सांगलीत निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून त्यांचे नाव आहे. या उदाहरणावरून पदवी निरुपयोगी ठरते असे कोणी समजू नये. त्यांच्यामागे घरचा व्यापार होता. कुंभोजच्या मुलामागे तो नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मापाचे नाव बदलले. मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी १९४९ पासून एस.एस.सी. म्हणजे शालान्त परीक्षा आली. ‘शालान्त’ या शब्दात विद्यापीठ नाही, शाळेचा शेवट आहे. निदान शब्दापुरती तरी ही सुधारणा होती. लोक मात्र पुढील कित्येक वर्षे ‘मुलगा मॅट्रिकला आहे’ असेच म्हणत राहिले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सुचविला. १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. बारावीच्या टप्प्यावर मोठ्या संख्येने मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळतील, ही आयोगाची अपेक्षा होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, आयटीआय तर १९५० च्या दशकापासून होत्याच. परंतु समाजाच्या मनात ‘टक्के कमी पडले म्हणून तिकडे गेला’ हे वाक्य पक्के बसले होते. हंटर कमिशनची दुसरी वाट शंभर वर्षांनीही तशीच ओस राहिली.

बोर्डाच्या गुणवत्ता यादीने तर घराघराला वेड लावले. पहिल्या येणाऱ्या मुलाचे पेढा भरवतानाचे छायाचित्र, शाळेच्या फाटकावर ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ असा फलक, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ही यादी विसाव्या शतकाबरोबर गेली नाही. ती बंद झाली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. फलक राहिले.

त्या फलकांविषयी एक गोष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तिचाही निकाल एका वर्षी शंभर टक्के लागला. संस्थेने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. त्या वर्षी पूर्वपरीक्षेत नापास झालेल्या तीन मुलांच्या पालकांना बोलावून मी सांगितले होते, की यंदा फॉर्म भरू नका, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. त्यांतील दोघे पुन्हा कधीही बसले नाहीत. नियमात हे कसे बसविले ते आठवते. त्या तिघांना निरोप देताना काय बोललो ते आठवत नाही. शंभरातून वगळलेल्यांची मोजणी निकालपत्रकात होत नसते. निकालावर अनुदानाच्या दिवसांतही असेच घडत असले पाहिजे.

मुलाने पुढे काय करावे, हे त्याचा कल पाहून सांगणारी शास्त्रशुद्ध सोय मुंबई सरकारच्या आधी एका धार्मिक समाजाच्या न्यासाने केली, हे ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. १९४७ साली पारशी पंचायतीने मुंबईत व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुंबई सरकारचे केंद्र त्यानंतर, १९५० मध्ये निघाले. महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची शासकीय कलचाचणी २०१६ मध्ये झाली, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि समग्र प्रगतिपुस्तक यांचा पुरस्कार आहे. शब्द चांगले आहेत. हंटर कमिशनचेही शब्द चांगलेच होते.

संपादक मंडळाच्या संमतीने गेल्या चातुर्मासात आम्ही जुन्या शिष्यवृत्तीधारकांना पत्रे पाठविली, आणि वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. उत्तरे येत आहेत. कोणी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालविते, कोणी दुबईत हिशेबनीस आहे, एक भगिनी परिचारिका होऊन निवृत्त झाल्या आहेत. काही पत्रे ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. आमच्या सभागृहाची पाण्याची मोटर जळाली, तेव्हा ती भरून देण्यासाठी आलेला कारागीर मला पाहून वाकून नमस्कार करता झाला. त्या तिघांपैकी तो एक. आज त्याच्या हाताखाली चार मुले काम करतात. मी त्याचे नाव या वह्यांत शोधले. ते कोठेही नाही. शिष्यवृत्तीसाठी साठ टक्के गुणांची अट तेव्हाही होती, आणि आजही आहे.