हातडिया बसेल तिथं मुक्काम

डिसेंबरातली पहाट. गटातली बाकी मंडळी लोणारच्या लॉजवर गोधडीत गुरफटलेली आहेत आणि तुम्ही एकटेच विवराच्या काठावर येऊन उभे. आजचा बेत सोपा आहे: इथून सुलतानपूरपर्यंत पायी, बारा-तेरा किलोमीटर, आणि तिथून पुढं मेहकरचा रस्ता. पाठीवर आठ किलोची सॅक, हातात काठी, अंगात थंडी अडवणारं जाकीट. खाली सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा धुक्यानं काठोकाठ भरलाय. खारट, उग्र वास तेवढा वर येतो.

मग घुंगरं वाजतात.

मागं वळता तर डांबरी सडक नाही. विजेचे खांब नाहीत. काळ्या जमिनीवर खुरांनी पाडलेल्या दहा-बारा समांतर वाटा आहेत, एकमेकींत मिसळणाऱ्या, पुन्हा फुटणाऱ्या. साल 1850, मार्गशीर्ष. हा मुलूख निजामाचा, लोकांच्या तोंडी मोगलाई. वाटेवर चारशेक बैल उभे आहेत, त्यांच्या नाकातून वाफा निघताहेत, आणि दोन माणसं मिळून एकेका बैलावर गोण्या चढवताहेत. उजवी-डावी, तोलून. तोल चुकला की बैलाची पाठ सोलते, म्हणून घाई कुणालाच नाही.

लमाणांचा तांडा आहे. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणता, त्याला हे लदेणी म्हणतात, आणि त्यावर त्यांचं पोट चालतं.

गोणीत काय आहे ते वासावरून कळतं. विवरातल्या तळ्याचा खार. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर जमतो तो. त्याला इथं दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं आहेत, प्रतीनुसार. बांगड्यांची काच आणि साबण यांच्यासाठी त्याला मागणी आहे. अकबराच्या काळी लिहिलेल्या आईन-इ-अकबरीतही या तळ्याची नोंद काच आणि साबणाच्या मालासकट सापडते. हा खड्डा आकाशातून पडलेल्या दगडानं पाडलाय हे मात्र अजून कुणाच्या गावी नाही. तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका.

एक म्हातारी तुमच्याजवळ येते. हातभर बलिया, म्हणजे बांगड्या, ओढणीला कवड्या आणि आरशाचे तुकडे. सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. ती तुमच्या जाकिटाची चेन खाली-वर करून बघते, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि हसते. मग सॅक उचलून पाहते. एवढंच? असा तिचा चेहरा. तिच्या कडेवर नातू आहे, डोक्यावर भांडी आहेत.

निघालात. सगळ्यांत पुढं एक बैल चालतो, त्याच्या पाठीवर ओझं नाही. शिंगांना लाल रेशमी फिती, अंगावर कवड्यांची झूल, गळ्यात आणि पायांत घंटा. हा हातडिया. बालाजीला सोडलेला. आजारी माणूस याच्या पायाशी डोकं टेकतो, अडचण आली की नवसही यालाच. वाट तांड्याच्या म्होरक्याला, नायकाला, माहीत असते. मुक्काम मात्र हातडिया ठरवतो. तो थकून जिथं बसेल तिथं तांडा उतरतो.

तुम्ही घड्याळ बघता. सवय. तासाला चार-पाच किलोमीटर धरून आलेला माणूस तुम्ही. इथं बैल चरत चरत चालतो आणि मागची चारशे जनावरं त्याच्या चालीनं. पहिला तास तुम्ही मनातल्या मनात चडफडता. दुसऱ्या तासात थंडी बोटांतून उतरते, उजाडतं, ज्वारीच्या ताटांवरचं दव दिसतं, वेचणीला आलेली कपाशी दिसते. तिसऱ्या तासात तुमचा श्वास घंटांशी जुळतो. हे कुठल्याच ट्रेकमध्ये मला जमलेलं नाही, आणि मी बरेच केलेत.

नायक शेजारी येतो. "भिया, कुठला तांडा?" तुम्ही पुण्याचं नाव सांगता. त्याला ते पेशव्यांचं गाव म्हणून ठाऊक आहे. त्याच्या वडिलांनी फौजांना धान्य पुरवलंय; लढाई कुणाचीही असो, दाणा लमाणाच्या बैलावरूनच गेला. आता कटकट जकातीची. दर जहागिरीच्या हद्दीवर कुणीतरी हात पसरून बसलेलं असतं.

तुमच्या घशात काहीतरी अडकतं. तीन वर्षांनी, 1853 मध्ये, वऱ्हाड इंग्रजांकडे जाईल. 1867 साली आगगाडी नागपूरला पोचेल, 1870 मध्ये खामगावला फाटा फुटेल, आणि गोण्यांना गिऱ्हाईक उरणार नाही. 1871 चा एक कायदा येईल, आणि पुढे त्याखाली कित्येक ठिकाणच्या लमाणांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसेल. चालत राहणं हाच गुन्हा. तांडे जिथं होते तिथं रुजतील. गावांच्या नावापुढं 'तांडा' एवढीच खूण उरेल. याच समाजातला, पुसदजवळच्या गहुलीचा एक मुलगा 1963 साली महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होईल. हे तरी सांगावं असं वाटतं. पण वसंतराव नाईकांचा जन्मच 1913 चा. नायकाला त्याचं काय?

ऊन पाठीवर आलंय. सुलतानपूरचं शिवार लागलं. जिथं तुमच्या काळात लोणारचा फाटा आहे, चहाच्या टपऱ्या आहेत आणि जालन्याकडं जाणारी जुनी नागपूर सडक आहे, तिथं आत्ता एक नाला, थोडी बाभूळ आणि भरपूर गवत.

हातडिया थांबतो. जमीन हुंगतो. पुढचे गुडघे टेकतो.

मागं एक हाळी जाते, रांगेच्या शेवटापर्यंत. गोण्या उतरतात, एकीवर एक रचून वाऱ्याच्या बाजूला भिंत उभी राहते. कुत्री त्या भिंतीभोवती जागा धरतात. बैल गवतात पांगतात. चुली पेटतात, याडी बाटी थापायला बसते.

अजून दुपारही झालेली नाही. मेहकर फार लांब नाही, उजेड भरपूर आहे, पायांत जोर आहे. तुम्ही नायकाला तसं सांगून बघता.

तो हातडियाकडं बोट दाखवतो. बैल डोळे मिटून रवंथ करतोय. तुम्ही सॅक काढता आणि गोण्यांच्या भिंतीला टेकून बसता. गोणी खाराची आहे. पाठ जरा वेळानं चुरचुरायला लागते.